वर्णद्वेष, गोवा आणि राष्ट्रीय ऐक्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बार्देशातल्या आमच्या वाचनालयाच्या मासिक बैठकीत वर्णद्वेषाचा विषय मुद्दाम कोणी काढत नाही. तो भाडेकरूंवरून निघतो, बसमधल्या गर्दीवरून निघतो, कधी क्रिकेटच्या सामन्यावरून निघतो आणि मग चहा गार होईपर्यंत चालतो. घरमालकांनी, शिक्षकांनी, महाविद्यालयीन मुलांनी आणि एकदा एका पंचसदस्याने विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे लिहिणारा मी एकटा आहे, त्यामुळे त्यांतल्या मतांची जबाबदारीही माझ्या एकट्याचीच.

वर्णद्वेष, वंशभेद आणि जातिभेद यांत फरक काय?

मराठीत या विषयाची पहिली ठेच शब्दालाच लागते. ‘वर्ण’ म्हणजे रंग आणि ‘वर्ण’ म्हणजे चातुर्वर्ण्यातला वर्ण, असे दोन्ही अर्थ आपण एकाच श्वासात वापरतो. दक्षिण आफ्रिकेतील जुन्या राजवटीसाठी वर्तमानपत्रांनी ‘वर्णद्वेषी’ हे विशेषण रूढ केले आणि संविधानाच्या मराठी भाषांतरात ‘वंश’ हा शब्द आला. या पानावर ‘वर्णद्वेष’ म्हणताना माझ्या मनात असलेली गोष्ट अशी की, कातडीचा रंग, नाकाडोळ्यांची ठेवण, केसांचा पोत किंवा मूळ वंश पाहून माणसाची नीती, लायकी आणि त्याच्यापासूनचा धोका आधीच ठरवून टाकायचा आणि मग त्या निकालानुसार त्याला घर द्यायचे की नाही, नोकरी द्यायची की नाही, पोलीस ठाण्यात बसायला खुर्ची द्यायची की नाही, हे ठरवायचे. मनातली नावड ही एक गोष्ट आहे. त्या नावडीच्या हाती घराची किल्ली असणे ही निराळीच.

जातींचे मूळ वेगवेगळ्या वंशांत आहे, हा सिद्धान्त डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच खोडून काढला होता. जात आणि वंश या एकच गोष्टी नव्हेत, हे त्यामुळे ध्यानात ठेवायला हवे. तरीही दोन्हींची यंत्रणा ओळखीची वाटावी इतकी सारखी आहे, कारण जन्मावरून दर्जा ठरतो आणि तो दर्जा मग पाण्याच्या जागेपासून लग्नापर्यंत सगळीकडे लागू होतो. हे साम्य आपल्याकडे कोणी फार पूर्वीच हेरले होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा ती अर्पण केली निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. पुण्यात बसलेल्या माणसाला शूद्रातिशूद्रांविषयी लिहिताना अटलांटिकपलीकडचे गुलाम आठवले, यावरून या प्रश्नाची व्याप्ती कळते.

पण वंश तर निसर्गानेच वेगळे केले आहेत ना?

नाही. कातडीचा रंग हा मुख्यतः मेलॅनिन या रंगद्रव्याचा आणि पूर्वजांनी किती पिढ्या किती कडक उन्हात काढल्या याचा हिशेब आहे. त्यावरून बुद्धी, स्वभाव किंवा गुन्हेगारी कळत नाही. माणसांमधल्या आनुवंशिक वैविध्याचा फार मोठा भाग, सुमारे ८५ टक्के, कोणत्याही एका समूहाच्या आतच आढळतो, हे १९७२ पासून पुन्हा पुन्हा तपासले गेले आहे. वंश ही समाजाने पाडलेली वाटणी आहे. तिचे परिणाम मात्र खरेखुरे असतात.

गोव्यासारख्या शांत, पाहुणचारी प्रदेशात वर्णद्वेष आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि विचारणाऱ्याचा सूर बहुधा दुखावलेला असतो. त्याला २०१३ ची आठवण करून द्यावी लागते. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस पर्रा येथे एका नायजेरियन तरुणाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी मृतदेह शववाहिकेतून बाहेर काढून पर्वरीला महामार्ग रोखला. महामार्ग रोखणे बेकायदा होते, त्यात हाणामारीही झाली आणि त्याचा राग येणे साहजिक होते. परंतु त्यानंतरच्या दिवसांत जे झाले, ते त्या शेदोनशे माणसांपुरते राहिले नाही. नायजेरियनांना खोल्या देऊ नका असे गावागावांत बोलले गेले, तशा अर्थाचे फलक लागले आणि राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कर्करोगाची उपमा दिली. पुढे त्याने दिलगिरी व्यक्त केली. खून झालेला माणूस कोण होता, हे मात्र आमच्या बैठकीत आजवर एकालाही सांगता आलेले नाही.

मोठ्या घटनांपेक्षा लहान गोष्टी मला अधिक अस्वस्थ करतात आणि त्यांतली एक माझीच आहे. म्हापसा-पणजी मार्गावरच्या खासगी बसमध्ये संध्याकाळी साडेसहाला उभे राहायलाही जागा नसते. कंडक्टर ‘फुडें चल, फुडें चल’ म्हणून ओरडत असतो आणि माणसे एकमेकांच्या पिशव्यांवर टेकलेली असतात. अशा गर्दीत एकदा खिडकीपाशी एक आफ्रिकी विद्यार्थी बसला होता, मांडीवर वह्या होत्या आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. पर्वरीपर्यंत ती रिकामीच राहिली. मी त्या जागेपासून दोन हातांवर दांडी धरून उभा होतो आणि माझे गुडघे दुखत होते. मी का बसलो नाही, याचे उत्तर मी स्वतःला बरेच दिवस वेगवेगळ्या प्रकारे दिले, पण त्या मुलाने खिडकीबाहेर पाहत राहण्याचे जे ठरवले होते, त्यावरून त्याला ते उत्तर पहिल्याच मिनिटाला कळले होते हे उघड होते.

पोर्तुगीज राजवटीत वर्णभेद नव्हता, असे घरातली जुनी माणसे सांगतात. ते खरे आहे का?

ही समजूत कोठून आली हे पाहता येते. १५१० मध्ये गोवा जिंकल्यावर पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने आपल्या सैनिकांना स्थानिक स्त्रियांशी लग्ने करण्यास उत्तेजन दिले आणि त्यावरून पोर्तुगीज हे इंग्रजांसारखे रंग पाहणारे नव्हते, असा ग्रह झाला. विसाव्या शतकात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारला या ग्रहाचा फार उपयोग झाला. जिल्बेर्तु फ्रेइरे या ब्राझिलियन समाजशास्त्रज्ञाने पोर्तुगीज लोक उष्ण प्रदेशांत सहज मिसळून जातात असा सिद्धान्त मांडला होता. त्याला सरकारने आपल्या वसाहतींच्या दौऱ्यावर बोलावले आणि १९५१ मध्ये तो गोव्यातही येऊन गेला. भारताने गोवा मागायला सुरुवात केली होती, त्या सुमारास हे सगळे चालले होते, हे विसरून चालणार नाही.

कागदपत्रे वेगळे बोलतात. युरोपात जन्मलेला गोरा, इथे जन्मलेला गोरा, मिश्र संततीचा आणि एतद्देशीय, अशा पायऱ्या ठरलेल्या होत्या आणि चर्चमधल्या व सैन्यातल्या वरच्या जागा वरच्या पायऱ्यांसाठी राखलेल्या होत्या. १७६१ च्या एप्रिलमध्ये, पोर्तुगालचा मुख्य मंत्री पोंबाल याच्या काळात, लिस्बनहून हुकूम निघाला की, पोर्तुगीज भारतातल्या ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांसारखेच हक्क असावेत आणि कोणी त्यांना अपमानाने ‘काळा’ किंवा ‘मेस्तिस’ (मिश्र रक्ताचा) म्हणू नये. कायदा करून शिवी बंद करावी लागते, याचा अर्थ ती शिवी रोजच्या तोंडात होती. इथल्या अधिकाऱ्यांनी तो हुकूम इतका अंगाबाहेर टाकला की, १७७४ मध्ये तो पुन्हा बजावावा लागला. हिंदूंचा तर त्यात समावेशच नव्हता.

१७८७ चे कांदोळीचे पिंटोंचे बंड याच असंतोषातून उभे राहिले. एतद्देशीय धर्मगुरूंना त्यांची विद्वत्ता असूनही बिशपपदे नाकारली जात होती. कट फुटला आणि पुढच्या वर्षी पंधरा जणांना देहान्त शासन झाले. १८३५ मध्ये बेर्नार्दु पेरीस द सिल्वा हा गोव्यात जन्मलेला माणूस पहिल्यांदा राज्याच्या प्रमुखपदी बसला, तो फक्त सतरा दिवस टिकला. विसाव्या शतकातही सालाझारच्या १९३० च्या वसाहतविषयक कायद्याने वसाहतींतल्या लोकांचा दर्जा खालचा ठरवला, तेव्हा पोर्तुगालच्या कायदेमंडळापर्यंत पोहोचलेल्या सुशिक्षित गोमंतकीयांचीही पुष्कळशी झिंग उतरली.

आफ्रिकेतल्या लोकांशी आपला, म्हणजे गोमंतकीयांचा, संबंधच काय?

आपल्याला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ जवळचा. पोर्तुगीजांनी मोझांबिकहून गुलाम आणले आणि ते शतकानुशतके गोव्यातल्या घरांत, गोदीत व सैन्यात राबले. त्यांतले काही घाट ओलांडून पळाले आणि उत्तर कन्नडच्या रानांत, यल्लापूर-हल्याळच्या बाजूला वसले. तेथील सिद्दी समाजाच्या काही गटांच्या घरात आजही कोकणी बोलली जाते. आमच्या एका सभासदाला हे ठाऊक नव्हते. यल्लापूरजवळ बस बंद पडली, तेव्हा काळ्याकभिन्न, कुरळ्या केसांच्या एका म्हातारीने त्याला शुद्ध कोकणीत ‘उदक जाय?’, म्हणजे पाणी हवे का, म्हणून विचारले, आणि तो क्षणभर गप्पच झाला. त्या उत्तर कन्नडच्या सिद्दींना आणि गोव्यातल्या गावडा, कुणबी व वेळीप समाजांना अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान मिळाले ते एकाच दुरुस्ती कायद्याने, २००३ मध्ये. कारवारला तर खापरी देवाचे स्थान आहे. तो देव म्हणजे एक आफ्रिकी माणूस होता अशी श्रद्धा आहे आणि त्याला दारू व सिगारेट वाहतात. एकाच शब्दाने एका ठिकाणी देव आणि दुसऱ्या ठिकाणी शिवी व्हावी, हे कोकण किनाऱ्यावरच घडू शकते. गोव्यात ‘खाप्री’ हा शब्द आजही आफ्रिकी माणसाच्या पाठीमागे सहज उच्चारला जातो.

जेवणाच्या ताटातही हे आहे. हिरव्या मसाल्यातले कोंबडीचे ‘काफ्रियाल’ आपण आवडीने खातो. ते नाव ‘काफ्र’ या आफ्रिकी माणसासाठीच्या पोर्तुगीज शब्दावरून आले, ‘काफ्र’ अरबी ‘काफिर’वरून आला आणि तोच शब्द दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीयांसाठी इतकी जहरी शिवी झाला की, तिच्यासाठी तिथे माणसे न्यायालयात उभी राहतात. पदार्थाचे नाव बदला असे माझे म्हणणे नाही. फक्त हा मसाला कोणाच्या हातचा होता, हे खाताना ठाऊक असावे.

महाराष्ट्राच्या बाजूने पाहिले तर मलिक अंबरची आठवण पुरेशी आहे. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताकरविता झाला, त्याने पुढे औरंगाबाद झालेले खडकी वसवले, जमीनमहसुलाची घडी बसवली आणि १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. मराठी माणसाने आफ्रिकी वंशाच्या सेनानीच्या हाताखाली तलवार चालवली, याची कोणाला तेव्हा लाज वाटली नव्हती.

आणि उलट दिशेचा प्रवासही आहे. हजारो गोमंतकीय केनिया, युगांडा, टांगानिका आणि मोझांबिकमध्ये कारकून, शिंपी, आचारी म्हणून गेले. परतलेल्यांना गावात ‘आफ्रिकार’ म्हणत आणि त्यांच्या घरांच्या गॅलऱ्या रुंद असत. ब्रिटिशांच्या पूर्व आफ्रिकेत गोरे वर, आशियाई मध्ये आणि आफ्रिकी खाली, अशी उतरंड होती. मधल्या पायरीवर आपली माणसे होती आणि त्यांतल्या बहुतेकांनी ती पायरी सोडली नाही. इतकेच काय, तिथले गोवेकरांचे क्लबसुद्धा जातीपातीवरून वेगळे निघाले. १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने आशियाईंना नव्वद दिवसांत देश सोडायला लावले, तेव्हा त्याच्या अन्यायाचा निषेध करतानाच या मधल्या पायरीचाही विचार आपल्याकडे व्हायला हवा होता, तो फारसा झाला नाही. अपवाद म्हणून नैरोबीत जन्मलेले पियो गामा पिंटो आठवावेत. गोव्याच्या मुक्तीसाठीही त्यांनी काम केले, केनियाच्या स्वातंत्र्यासाठी ब्रिटिशांची स्थानबद्धता भोगली आणि स्वतंत्र केनियात संसद सदस्य असताना, २४ फेब्रुवारी १९६५ रोजी, गोळ्यांना बळी पडले. त्यांना केनियात हुतात्मा मानतात. आमच्या बैठकीत त्यांचे नाव पहिल्यांदा निघाले तेव्हा चौघांनी ते फुटबॉलपटूचे असावे असा अंदाज केला.

म्हाताऱ्या माणसांना आफ्रिकींची भीती वाटते, ती काय उगाच?

उगाच नाही, आणि तिची टिंगलही करू नये. १९५० च्या दशकात सत्याग्रहींना आवरण्यासाठी पोर्तुगालने मोझांबिक आणि अंगोलाचे सैनिक गोव्यात आणले होते. ज्यांनी लहानपणी रात्री दारावर बंदुकीचा दस्ता आपटलेला ऐकला, त्यांच्या स्मरणात तो चेहरा काळा आहे. पण तो सैनिक स्वतःच्या देशात पारतंत्र्यातच होता आणि त्याला इथे पाठवणारा लिस्बनला बसला होता. एका गुलामाच्या हाती काठी देऊन दुसऱ्याला मारायला लावण्याची ही जुनी रीत आहे. मार खाणाऱ्याला काठी धरणारा आठवतो, यात नवल नाही.

‘घाटी’, ‘भायले’, ‘लमाणी’ हे शब्द वर्णद्वेषी आहेत का? ते तर सगळेच बोलतात.

‘भायलो’ म्हणजे बाहेरचा, ‘घाटी’ म्हणजे घाटावरचा, आणि लमाणी हे तर एका समाजाचे स्वतःचे नाव आहे. शब्दकोशात यांपैकी एकातही विष नाही. ते आवाजात असते. ‘तो घाटी आहे’ हे वाक्य बांधकामावरच्या कन्नड मजुराविषयी बोलताना ज्या सुरात येते, त्या सुरात त्याच्या गावाची माहिती दिलेली नसते. त्याच्या रंगाबद्दल, कपड्यांबद्दल आणि स्वच्छतेबद्दलचा निकाल दिलेला असतो.

गोव्यातल्या मराठी वाचकाने येथे जरा थांबावे. कोल्हापूर, बेळगाव, सावंतवाडीहून आलेल्या आपल्यातल्या अनेकांच्या आजोबांनी हा शब्द स्वतःसाठी ऐकलेला आहे. त्यांच्याच नातवंडांना तो जुवारीनगरच्या मजुराला लावताना पाहिले की, शिवी ही वारसाहक्काने मिळते आणि मिळाली की पुढे ढकलली जाते, असे वाटू लागते.

पण आमच्या तक्रारी खऱ्या आहेत. अमली पदार्थ, मुदत संपलेले व्हिसा, जमिनी विकल्या जाणे, याविषयी बोलायचेच नाही का?

जरूर बोलायचे, आणि नेमके बोलायचे. अमली पदार्थ विकणे हा गुन्हा आहे, व्हिसाची मुदत संपल्यावर राहणे हाही गुन्हा आहे आणि टेकड्या कापून वसाहती उभ्या राहणे हा गोव्याच्या जिवावर उठलेला प्रश्न आहे. पण गुन्हा माणूस करतो, कातडी करत नाही. तक्रार जितकी कातडीकडे सरकते तितका खरा गुन्हेगार निसटतो, कारण ज्या बंगल्यात माल साठवला त्याचा मालक, ज्याने हप्ता घेतला तो आणि ज्याने जमीन विकली तो, हे तिघेही बहुधा आपल्याच रंगाचे आणि कधीकधी आपल्याच वाड्यावरचे असतात. त्यांच्याविरुद्ध फलक लागल्याचे मी पाहिलेले नाही.

ईशान्य भारतातून आलेल्या मुलांच्या बाबतीत परिस्थिती काय आहे?

ते आपले नागरिक आहेत, एवढे सांगूनही भागत नाही, ही खरी शोकांतिका आहे. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपत नगरात अरुणाचलच्या निदो तानिया या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या केसांवरून चेष्टा झाली, त्याने राग व्यक्त केला, त्याला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर केंद्राने बेजबरुआ समिती नेमली. वांशिक शेरेबाजी व हल्ले यांसाठी फौजदारी कायद्यात स्वतंत्र कलमे घालावीत आणि ईशान्येचा इतिहास शाळांतून शिकवावा, अशा तिच्या शिफारशी होत्या. स्वतंत्र कलमे अद्याप आलेली नाहीत.

गोव्यात उपाहारगृहे, स्पा आणि हॉटेले ईशान्येच्या मुलामुलींवर चालतात. मागे मणिपूरच्या दोन मुलींसाठी मी ताळगावात खोली शोधत होतो. तिसऱ्या घरी मालकीणबाईंनी चहा केला, भाडे सांगितले, नळाची वेळही सांगितली आणि मग मुली आत येताच त्यांचा चेहरा पाहून, ‘पासपोर्ट आहे ना?’ असे मला विचारले, त्यांना नाही. मी आधार कार्ड पुढे केले. बाईंनी ते चष्मा लावून वाचले आणि खोली आपल्या पुतण्याला लागणार असल्याचे त्यांना त्याच क्षणी आठवले. मुली जिन्यावरून उतरताना हसत होत्या. सवय झालेल्या माणसाचे ते हसू होते.

घर माझे आहे. मी कोणाला भाड्याने द्यावे, हे मला कोण सांगणार?

तूर्त, खरे सांगायचे तर, कायदा फारसे सांगत नाही. दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांत वंश, जात किंवा जन्मस्थानावरून प्रवेश नाकारता येत नाही, असे संविधानाचा अनुच्छेद १५ सांगतो. खासगी घर भाड्याने देण्याबाबत मात्र आपल्याकडे सर्वंकष भेदभावविरोधी कायदा नाही. घरमालकाची जबाबदारी काय, हे स्पष्ट आहे: भाडेकरूची पोलीस पडताळणी करायची आणि तो परदेशी असेल तर तो आल्यापासून चोवीस तासांत त्याच्या वास्तव्याची माहिती सरकारला कळवायची. हे केल्यावर ‘भानगड नको’ या सबबीत उरते काय, हे ज्याने त्याने पाहावे.

कायद्याचे संरक्षण कोणाला आणि किती आहे?

समानतेचा अनुच्छेद १४ आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा अनुच्छेद २१ हे ‘व्यक्ती’ला लागू आहेत, म्हणजे परदेशी माणसालाही. अनुच्छेद १५ व १६ नागरिकांसाठी आहेत आणि त्यांत ‘वंश’ हा शब्द स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ धर्म, वंश, जन्मस्थान, निवास, भाषा अशा कारणांवरून वैर पसरवण्याला शिक्षा सांगते. पाच किंवा अधिक जणांनी वंश, जात, जन्मस्थान, भाषा यांसारख्या कारणावरून मिळून केलेल्या खुनासाठी कलम १०३ मध्ये वेगळी तरतूद आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जमातीची असेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू शकतो. भारताने वांशिक भेदभावाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९६८ मध्ये स्वीकारला आहे.

एक बारकावा मला नेहमी खटकतो. नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत धर्म, भाषा, प्रदेश व वर्ग यांच्या पलीकडे जाऊन बंधुभाव वाढवावा असे म्हटले आहे. त्या यादीत वंशाचा उल्लेख नाही. १९७६ मध्ये ती कर्तव्ये लिहिणाऱ्यांना हा आपला प्रश्न वाटला नसावा.

इतर देशांनी यावर काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले?

दक्षिण आफ्रिकेने १९५० च्या कायद्याने प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद केली होती. शंका असली की, केसांत पेन्सिल खोचून ती अडकते की पडते, यावरून एका घरातली भावंडेसुद्धा वेगवेगळ्या वंशांत जात. २७ एप्रिल १९९४ ला सर्वांनी मिळून पहिले मतदान केले आणि पुढे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखालील सत्य आणि समेट आयोगाने एक अवघड सौदा मांडला: राजकीय हेतूने केलेला गुन्हा जाहीरपणे, पूर्ण सांगा आणि माफीसाठी अर्ज करा. कित्येक आयांना आपल्या मुलाचे काय झाले हे तेव्हा प्रथम कळले. राष्ट्रगीत पाच भाषांत एकत्र गुंफले गेले, ज्यात जुन्या राज्यकर्त्यांच्या गीताचाही तुकडा ठेवला आहे. पण नुकसानभरपाई उशिरा आणि तुटपुंजी आली, जमीन फारशी हलली नाही, आणि आज तिथे समेटाविषयी जी चीड ऐकू येते तिचे मूळ त्यात आहे. सत्य सांगून झाले, हिशेब राहिला.

रवांडाची वाट निराळी. बेल्जियन राजवटीने ओळखपत्रावर हुतू, तुत्सी, त्वा अशी नोंद घातली आणि १९९४ मध्ये नाक्यानाक्यावर तीच नोंद पाहून माणसे मारली गेली. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास. नंतर ती नोंदच काढून टाकली आणि गावोगावच्या गवतावर बसणाऱ्या गाचाचा न्यायसभांत लाखो खटले चालले. मात्र वंशाचा उच्चारच संशयास्पद ठरला की, सरकारवर टीका करणाऱ्याचे तोंड बंद करणेही सोपे होते, असा आक्षेप तेथे घेतला जातो आणि तो हलका नाही.

सिंगापूरने १९६४ च्या दंगलींनंतर उपदेशापेक्षा घरांकडे लक्ष दिले. १९८९ पासून सरकारी इमारतींत चिनी, मलय व भारतीय वंशाच्या कुटुंबांचे प्रमाण ठरवून दिले आहे, म्हणजे एकाच वंशाची वस्ती होऊच नये. घर विकताना अल्पसंख्याकांना याचा तोटा होतो, ही तिथली जुनी कुरकुर आहे. तरी जिन्यात रोज भेटणाऱ्या माणसाविषयी अफवा पसरवणे जड जाते, हे आमच्या सोसायटीच्या अनुभवावरूनही पटते.

राष्ट्रीय ऐक्यासाठी सगळ्यांनी एकसारखे व्हायला हवे का?

गोव्याने याचे उत्तर स्वतःच्या घरात दिलेले आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात ‘फूल’ की ‘दोन पाने’ यावर गावे, घरे, कधीकधी नवरा-बायको विभागली होती. संघप्रदेश राहावा या बाजूला १,७२,१९१ आणि महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूला १,३८,१७० मते पडली. आम्ही फुलाच्या बाजूचे होतो आणि हरलो. वडील आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत, पण शिगम्याला ढोल वाजला तेव्हा दोन पानांवाल्या शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावूनच वाजला. पुढे १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचा मान दिला आणि मराठीच्या वापराची तरतूदही ठेवली. दोन्ही बाजूंची कुरबुर अजून संपलेली नाही आणि तरीही देश एकच आहे.

संविधानाच्या उद्देशिकेतला क्रम पाहण्यासारखा आहे. बंधुता कशाचे आश्वासन देते, तर आधी व्यक्तीची प्रतिष्ठा आणि मग राष्ट्राची एकता व एकात्मता. ज्याची प्रतिष्ठा रोज जिन्यावर हिरावली जाते, त्याच्याकडे एकतेची मागणी करण्याचा अधिकार हा क्रम आपल्याला देत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो.

गोव्याच्या मुक्तिलढ्याचा वर्णद्वेषविरोधाशी काही संबंध होता का?

१८ जून १९४६ ला मडगावात सभाबंदी मोडून बोलायला उभे राहिलेले डॉ. राममनोहर लोहिया आपल्याला ठाऊक आहेत. पणजीतल्या रस्त्याला त्या तारखेचे नाव आहे. त्याच लोहियांना मे १९६४ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरी एका उपाहारगृहाने रंगामुळे दारातून परत पाठवले. ते दुसऱ्या दिवशी धोतर-कुडत्यात पुन्हा गेले आणि त्यांना अटक झाली. अमेरिकी सरकारने दिलगिरी व्यक्त केली. त्यांच्या सप्तक्रांतीत कातडीच्या रंगावरून होणाऱ्या विषमतेविरुद्धचा लढा ही एक स्वतंत्र क्रांती होती. मडगाव आणि जॅक्सन ही त्यांच्या लेखी दोन प्रकरणे नव्हती.

मुलांशी हे कसे बोलावे?

व्याख्यान देऊ नये. एका वर्षी आमच्या वाड्यावरच्या पोरांनी दिवाळीत जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्याला कुरळे केस आणि फुगीर लाल ओठ लावले आणि ते पाहून सगळे खिदळले. दहावीतल्या एका मुलीने फक्त एवढेच विचारले की, पुराणात नरकासुर प्राग्ज्योतिषपूरचा, म्हणजे आसामकडचा, मग हा चेहरा कोठून आणला? पोरांना उत्तर सुचले नाही. त्यांनी ओठ काढले, केस राहू दिले आणि पहाटे तो नेहमीप्रमाणे जाळला. घरात ‘निमगोरी’, ‘उजळ’ हे शब्द लग्नाच्या बोलण्यात किती वेळा येतात हे मुले मोजत असतात. विठोबा सावळा आहे हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही, कारण विठोबासाठी स्थळ पाहायचे नसते.

माझ्यासमोर असा प्रकार घडला तर नेमके काय करावे?

आधी ज्याच्यावर प्रसंग आला आहे त्याच्याजवळ जाऊन उभे राहावे आणि त्याला काय हवे ते विचारावे. भांडणाला नंतर वेळ मिळतो. मारहाण होत असेल तर ११२ वर फोन करावा, वेळ, जागा आणि उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत, कारण कलम १९६ खाली तक्रार टिकायची असेल तर ते शब्दच कामाला येतात. पोलीस ठाण्यात सोबत जावे. कोकणी किंवा मराठी न येणाऱ्याच्या शेजारी ती येणारा माणूस बसला, की हवालदाराची लेखणी बरीच लवकर चालू लागते. ठाण्यात दाद मिळाली नाही तर पणजीत राज्य मानवी हक्क आयोग आहे आणि तेथे साध्या कागदावर लिहिलेला अर्जही चालतो. आणि प्रकार म्हणजे नुसती बसमधली रिकामी जागा असेल, तर तेथे जाऊन बसावे.